आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं का?

प्रश्न : मुलगा दहावी झाला. पाना-पक्कड हातात आली की जेवण विसरतो. आयटीआयला घातला तर पुढची वाट बंद होईल का? (एक पालक, मुदखेड)

उत्तर : नाही. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर-इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

मात्र प्रमाणपत्रावर थांबू नये. १९६१ च्या कायद्यानुसार मिळणाऱ्या शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन तर असतंच, शिवाय खऱ्या यंत्राशी गाठ पडते. रेल्वेचंच उदाहरण घ्या : लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यातून डब्याचा पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडला. तसल्या कामाला नकाशा वाचता यावा लागतो, मिलिमीटरचा हिशेब चुकून चालत नाही. मुदखेडसारख्या जंक्शनच्या गावातल्या पोराला रेल्वे नवी नाही म्हणा, पण ती खिडकीतून पाहिलेली!