आधी अंदाज, मग बटण

चिऊ, इंजिनीअरिंगला नंबर लागला, पाठोपाठ सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला, आणि त्याच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा घडीचा कागद तू उघडूनही पाहिला नाहीस, हे मला न विचारता ठाऊक आहे. कुणीच उघडत नाही. म्हणून हे लिहून देते. वहीच्या मागच्या पानावर चिकटव, नाहीतर भैरवगढला येशील तेव्हा तोंडी परीक्षा घेईन.

उज्जैनच्या पोरीला या यंत्राची पारख करायला पुस्तकातली उदाहरणं लागत नाहीत, गावचे आकडे पुरतात. आपल्या भैरवगढपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, जयसिंहपुऱ्यात, सवाई जयसिंगांनी १८व्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. पुढे ती मोडकळीला आली तेव्हा माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिची दुरुस्ती करून घेतली, आणि त्या कामामागे आपल्या गोविंद सदाशिव आपट्यांची विद्या होती. तिथला अक्षांश २३ अंश १० कला, रेखांश ७५ अंश ४६ कला. एवढं पाठ कर, पुढे लागणार आहे.

१. यंत्र सुरू केलंस की आधी पडद्याच्या वरच्या कडेचं बारीक अक्षर बघ, डी आहे, आर आहे की जी — डी म्हणजे अंश, आर म्हणजे रेडियन, जी म्हणजे ग्रेडियन, आणि यंत्र तिन्हींत सारख्याच ऐटीत उत्तर देतं.

२. परीक्षेत बाकावर बसल्या बसल्या साईन ३० दाबायचं — ०.५ आलं तर तू अंशात आहेस, उणे ०.९८८ आलं तर रेडियनमध्ये, आणि ०.४५४ आलं तर त्या ग्रेडियनमध्ये, ज्याची तुला बहुधा कधीच गरज पडणार नाही.

३. अंशांवर परत यायची वाट बोटांना शिकवून ठेव: यंत्रावर ईएस प्लस लिहिलेलं असेल तर शिफ्ट, मोड आणि ३, जुनं एमएस मॉडेल असेल तर डीईजी दिसेपर्यंत मोड दाबत राहायचं आणि त्याच्याखालचा आकडा दाबायचा — पेपर हातात पडल्यावर हे शोधायला लागलीस तर पहिली दहा मिनिटं गेलीच म्हणून समज.

४. मैत्रिणीचं यंत्र उसनं घेतलंस तर तिच्या सेटिंगवर विश्वास टाकू नकोस, पण तिला न विचारता सगळं रिसेटही करू नकोस — तिने मेमरीत जपून ठेवलेले आकडे पुसले जातील, आणि मग मैत्रीचं रिसेट मात्र सोपं नसतं.

वर न बघता खाली दाबलं, त्याचं गणित क्षिप्रेत बुडालं, एवढं लक्षात ठेव.

आता वेधशाळेकडे चल. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्चच्या आसपास, मध्यान्हीला १२ अंगुळं उंचीच्या शंकूची जी सावली पडते तिला आपले जुने गणिती पलभा म्हणत. अख्खी पंचांगं तिच्यावर चालत. काढायची रीत दोन बटणांची: १२ गुणिले अक्षांशाचा टॅन.

५. अक्षांश टाकताना २३, मग अंश-कला-विकलांचं बटण, मग १०, आणि परत तेच बटण — थेट २३.१० टाकलंस तर यंत्र ते २३ अंश ६ कला समजतं, आणि चार कला म्हणजे जमिनीवर जवळजवळ साडेसात किलोमीटर. बसल्या जागी वेधशाळा गावाबाहेर नेऊन ठेवलीस.

६. उत्तर ५.१३५ आलं की त्याच अंश-कलांच्या बटणावर पुन्हा बोट ठेव, पडद्यावर ५, ८ आणि ६च्या जरा आतला आकडा उमटेल — अंगुळाची ६० व्यंगुळं होतात, म्हणून कोनासाठी केलेलं बटण सावलीलाही चालतं: पलभा ५ अंगुळं ८ व्यंगुळं. हे बटण मला फार आवडतं. बहुतेक मुलं चार वर्षांत त्याला हातही लावत नाहीत.

७. हाच हिशेब एकदा मुद्दाम रेडियनमध्ये करून बघ, उत्तर २८.७६ येईल — भर दुपारी, उज्जैनमध्ये, मार्चच्या उन्हात सावली शंकूच्या दुपटीहून मोठी! यंत्र हूं की चूं करणार नाही. हसायचं काम तुझं.

८. म्हणून बटण दाबण्याआधी अंदाज बांध: ४५ अंशांना सावली शंकूएवढी, २३ हा त्याच्या निम्म्याजवळ, तेव्हा सावली निम्म्याहून थोडी कमी, पाचाच्या आसपास — अंदाज दाराशी, तर घोटाळा वेशीपाशी.

९. मधलं उत्तर कागदावर कापून लिहू नकोस. टॅनच्या ०.४२७९चं ०.४३ केलंस की सावली ५.१६ होते, म्हणजे व्यंगुळं आठाची साडेनऊ — कापणी करायचीच तर शेवटच्या ओळीत, एकदाच.

१०. त्यापेक्षा अॅन्स बटण वापर किंवा आकडा ए, बी नावाने साठवून ठेव — यंत्राला पडद्यावर दिसतात त्याहून जास्त आकडे आठवत असतात, आपण उगाच त्याच्या आठवणीला कात्री लावतो.

११. सावलीवरून उलट अक्षांश काढायचा असेल तर शिफ्ट दाबून टॅन. टॅनच्या डोक्यावर उणे एक लिहिलेलं दिसलं म्हणून एक भागिले टॅन करू नकोस — शिफ्ट-टॅनने ५.१३५ भागिले १२ चे २३ अंश १० कला परत मिळतात, तर एक भागिले टॅन २३ अंश १० कला म्हणजे २.३३७, आणि तो कोन नव्हेच.

१२. शिफ्ट-साईन ०.५ ला यंत्र ३० म्हणेल, १५० म्हणणार नाही — उत्तरं दोन असली तरी ते एकच सांगतं, दुसरं आकृती काढून तू शोधायचं.

इथे जरा थांबते, कारण ‘कोणत्या मापात’ हा प्रश्न काही जपानी यंत्रांनी आणलेला नाही. अवंतीचा वराहमिहिर सहाव्या शतकात पंचसिद्धांतिकेत ज्यांचं, म्हणजे आपल्या साईनचं, कोष्टक देतो, त्यात त्रिज्या १२० धरली आहे, म्हणून ३० अंशांची ज्या ६०. आर्यभटाच्या पद्धतीत त्रिज्या ३४३८, म्हणून तीच ज्या १७१९. एकाच्या कोष्टकातला आकडा उचलून दुसऱ्याच्या सूत्रात घातला तर ग्रह भलत्याच राशीत जायचा. त्यामुळे गणिताला बसलेला माणूस आधी विचारी, त्रिज्या कुठली? तुला तोच प्रश्न डी, आर आणि जीच्या रूपात विचारायचा आहे, इतकंच. १९७२ साली अमेरिकेत एचपी-३५ निघाला, साईन-टॅन पहिल्यांदा खिशात मावले, पण आपल्याकडे वर्गात लॉग टेबलाची पुस्तकं त्यानंतरही बरीच वर्षं झिजत राहिली. त्या पुस्तकांचा एक फायदा होता. दशांशचिन्ह कुठे येणार हे ती सांगत नसत, त्यामुळे अंदाज आपला आपणच बांधावा लागे.

१३. वेधशाळेतल्या सम्राट यंत्रावर, म्हणजे तिथल्या सूर्यघड्याळावर, सावलीवरून वाचलेली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही म्हणून त्याला नावं ठेवू नकोस. ८२ अंश ३० कलांतून ७५ अंश ४६ कला वजा कर, आलेल्या ६ अंश ४४ कलांना चारने गुण, आणि पडद्यावरचे २६ अंश ५६ कला हे २६ मिनिटं ५६ सेकंद म्हणून वाच — भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण तिच्या पश्चिमेला, आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात.

१४. एवढं मिळवूनही जुळलं नाही तर महिना बघ. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी सुमारे १४ मिनिटं मिळवावी लागतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ वजा करावी लागतात — पृथ्वीची चाल वर्षभर सारखी नसते आणि तिचा आस कललेला असतो, त्यात कॅल्क्युलेटरचा काही दोष नाही.

आता रोजच्या वापरातल्या बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते.

१५. भागाकाराच्या रेघेखाली दोन गोष्टी असल्या की त्यांना कंस घालायचाच — २४ भागिले ३ गुणिले ४ म्हणजे ३२, आणि २४ भागिले कंसात ३ गुणिले ४ म्हणजे २. कंसाला कंजूष, तो उत्तराला मुकला.

१६. कंसाआधी गुणाकाराचं चिन्ह गाळू नकोस — ६ भागिले २, आणि त्याला चिकटून कंसात १ अधिक २, असं दिलं तर एखादं यंत्र १ म्हणतं, एखादं ९, आणि दोघंही आपापल्या नियमाने बरोबर असतात.

१७. ऋण संख्येचा वर्ग करताना ती संख्या कंसात बसव — उणे ३चा वर्ग तसाच दाबलास तर उत्तर उणे ९ येतं, कारण वर्ग आधी होतो आणि उणे मागून लागतो.

१८. दहाच्या घातासाठी एक्स्प बटण असेल तर त्याआधी १० टाकू नकोस — सूर्याचं अंतर १५ कोटी किलोमीटर म्हणजे १.५, एक्स्प, ८. मध्ये गुणिले १० घुसवलंस तर सूर्य दहापट लांब गेला आणि उज्जैनला बर्फ पडला.

१९. जुन्या यंत्रावर उत्तर १.५ आणि कोपऱ्यात बारीक ०८ असं दिसेल, ते वहीत उतरवताना ‘गुणिले १०चा आठवा घात’ पूर्ण लिही — १.५चा आठवा घात नुसता २५.६ होतो, आणि तपासणारे सर तेवढे मनकवडे नसतात.

२०. १ भागिले २००चं उत्तर ०.००५ न येता घातांकात आलं तर घाबरू नकोस, सेटअपमध्ये नॉर्म २ निवड — यंत्राची ती बोलण्याची रीत आहे, चूक नव्हे. ईएसवर उत्तर अपूर्णांकात अडकलं तर एस-डी बटण.

२१. रिकाम्या वेळी एक आकडा टाक, बरोबर दाब, मग कॉस अॅन्स करून बरोबरचं बटण दाबतच राहा — रेडियनमध्ये असशील तर आकडा ०.७३९०८५वर येऊन ठरेल, अंशात असशील तर ०.९९९८च्या आसपास. करमणूकही होते आणि मोडही कळतो.

२२. ११चा सहावा घात भागिले १३ करून बघ, काही यंत्रं त्याचं उत्तर पायच्या पटीत देतात — पूर्णांकांच्या भागाकारात पाय कुठून आला? आकडा जवळचा दिसला म्हणून यंत्राने त्याला ओळखीचं नाव देऊन टाकलं. तेव्हा यंत्र हुशार असलं तरी डोकं आपलंच चालवायचं.

आपल्या भैरवगढात कॅल्क्युलेटरला वेगळे धोकेही आहेत.

२३. शेजारच्या छापखान्यात बाटिकचं काम बघायला गेलीस आणि त्यांनी रंगाचा हिशेब विचारला तर आधी कापडाचं वजन विचार: ५ किलो कापड, दोन टक्के छटा, म्हणजे १०० ग्रॅम रंग — रंगाऱ्याची टक्केवारी कापडाच्या वजनावर असते, पाण्यावर नव्हे. आणि यंत्र पारदर्शक पिशवीत घालून पिशवीवरूनच बटणं दाब, मेण बटणांच्या फटीत शिरलं की निघत नाही.

२४. आपल्या कालभैरवाला मद्य चालतं, कॅल्क्युलेटरला चालत नाही, तेव्हा त्याच्याजवळ पेला ठेवू नकोस, चहाचासुद्धा — बटणांखालचं रबर एकदा चिकट झालं की ७ दाबल्यावर ७७ उमटतो, आणि तो तुझ्या लक्षात येईपर्यंत पान भरलेलं असतं.

२५. वर सौर पट्टी असलेलं यंत्र असेल तर महिन्यातून एकदा पट्टीवर बोट ठेवून बघ — आकडे फिके पडले तर आतला सेल संपलाय, आणि तो संपल्याचं कळायची जागा परीक्षेचा हॉल नव्हे.

२६. सरकतं झाकण मागच्या बाजूला बसवायची सवय लाव, आणि आतल्या बाजूला नाव लिही — वर्गात सगळ्यांची यंत्रं एकसारखी असतात, सेटिंगं मात्र ज्याची त्याची.

२७. प्रोग्रॅम साठवणारं महागडं यंत्र घेण्याआधी परीक्षेचे नियम वाच — पुष्कळ ठिकाणी ते दारातच काढून घेतात. गेट परीक्षेला तर स्वतःचं यंत्र नेताच येत नाही, पडद्यावरचं माऊसने चालवावं लागतं, म्हणून त्याचा सराव महिनाभर आधीपासून हवा.

२८. जूनचं एक उदाहरण तुला ठेवते. २१ जूनला सूर्य २३ अंश २६ कलांपर्यंत उत्तरेला येतो. त्यातून आपला अक्षांश वजा कर आणि १२ अंगुळांच्या शंकूची मध्यान्हीची सावली काढ — उत्तर ०.०५६ अंगुळ, म्हणजे तीन-साडेतीन व्यंगुळं यायला हवं, आणि सावली दक्षिणेकडे का पडते तेही मला सांगायचं. ढग नसतील तर त्या दुपारी वेधशाळेत शंकूपाशी जाऊन खात्री करून घे. पाऊस लवकर आला तर पुढच्या वर्षी.