अंथरुणाला पाठ टेकली की पाय वळवळतात?

दिवसभर काही नसतं. रात्री आडवं झालं की पोटऱ्यांत आतून काहीतरी सरपटायला लागतं, ओढ लागते. उठून चार पावलं टाकली की थांबतं, पडलं की पुन्हा सुरू. सातव्या-आठव्या महिन्यातल्या कितीतरी जणींची ही तक्रार असते, आणि घरी उत्तर मिळतं, "या दिवसांत व्हायचंच." मैत्रिणींनो, हा खरा आजार आहे. त्याला ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात आणि साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला तो होतो.

वांब येणं वेगळं. वांब आला की पोटरी दगडासारखी कडक होते आणि जोराची कळ येते. इथे पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. दोन्हींवर कॅल्शियमची गोळी वाढवली जाते. या त्रासात मात्र पुष्कळदा कमतरता लोहाची असते. हालचालींवर ताबा ठेवणारं डोपामाइन हे रसायन मेंदूत तयार व्हायला लोह लागतं आणि गरोदरपणात शरीरातला लोहाचा साठा झपाट्याने उतरतो. हिमोग्लोबिन ११ च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून डॉक्टरांकडे फेरिटिनची, म्हणजे हा साठा दाखवणारी, तपासणी आवर्जून मागा. ते ३० च्या खाली असेल तर साठा संपत आलाय असं समजा. या त्रासात ७५ पर्यंतही आम्ही डॉक्टर लोह देण्याचा विचार करतो. लोहाची गोळी कॅल्शियमसोबत किंवा चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. गोळ्या सोसत नसतील तर तिसरा महिना उलटल्यावर शिरेतून लोह देता येतं.

दुसरी गोष्ट सहज निसटते. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि झोप आणणारी सर्दी-अ‍ॅलर्जीची काही औषधं हा त्रास वाढवतात. झोप येत नाही म्हणून तीच घेतली तर रात्र आणखी वाईट जाते. कुठलंही औषध परस्पर बंद करू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. थोडं चालणं, झोपण्याआधी पोटऱ्या ताणणं, कोमट पाण्याचा शेक, कुणीतरी पाय चोळून देणं, यानं आराम पडतो. पण एकच पाय सुजला, लाल किंवा गरम झाला, दुखू लागला, तर चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेकींचे पाय शांत होतात. प्रसूतीत रक्त जातं, म्हणून सहा आठवड्यांनी तपासणीला जाल तेव्हा फेरिटिन पुन्हा बघून घ्या.