जुना बोल्ट टाकू नकोस

बाळा, स्टिअरिंगचं काम आलं की काढलेला बोल्ट कितीही गंजलेला असू दे, नवा बसून गाडी बाहेर पडेपर्यंत तो भंगाराच्या डब्यात टाकायचा नाही. फडक्यात गुंडाळ आणि तोच घेऊन दुकानात जा.

आपण गॅरेजात पान्यावरून बोलतो, 'तेराचा दे, सतराचा दे'. दुकानात हे चालत नाही. तेराचा पाना लागणारा बोल्ट बहुधा आठचा असतो, आणि मारुतीत त्याच आठला बाराचा पाना लागतो. जाडी आट्यांवर मोज. मग आटे बघ. दहाच्या बोल्टाला 1.5 चे आटे असतात, तसे 1.25 चेही. पिच गेज जवळ नसेल तर जुन्या-नव्याचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धर. मधून उजेड दिसला तर परत कर.

जुनी जीप आली तर जास्त जप. तिचं काम इंचात. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, डोळ्याला आठच वाटतो. आठचा बोल्ट त्या नटात एखाद-दुसरा फेरा जातो आणि अडकतो. तिथे पान्यानं जोर लावलास की दोघांचेही आटे मेले. नवा नट आधी बोटांनीच फिरला पाहिजे.

आता डोक्यावरचा आकडा. 8.8 म्हणजे 800 मेगापास्कलचा ताण सोसणारा, 10.9 म्हणजे 1000 चा. जो असेल तोच घे. डोकं कोरं असलेला बोल्ट स्टिअरिंगला नको. चकचकीत स्टेनलेसला भुलू नकोस. त्यावर ए2-70 असेल तर तो 700 चाच, म्हणजे 8.8 पेक्षाही कमी.

सगळ्यात जपायचा तो स्टिअरिंग कॉलमच्या क्रॉसचा बोल्ट. पुष्कळ गाड्यांत शाफ्टला आडवी खाच असते आणि बोल्टाचा आटे नसलेला गुळगुळीत भाग त्या खाचेतून जातो. पकड ढिली झाली तरी शाफ्ट निसटू नये म्हणून ती सोय. मी उमेदवारीत असताना डब्यातला पूर्ण आट्यांचा बोल्ट तिथे घातला होता. जाडी तीच, लांबी तीच, आवळलाही घट्ट. काही दिवसांनी गिऱ्हाईक स्टिअरिंगला खेळ आहे म्हणून परत आलं. बोल्ट काढला तर मधले चार-पाच आटे एका बाजूनं घासून सपाट झालेले, बोटाला पत्र्याच्या कडेसारखे लागत होते. गिऱ्हाइकाच्या घरचे सगळे त्याच गाडीतून फिरत होते. म्हणून सांगतो, गुळगुळीत भागाची लांबीही जुन्याशी लावून बघ. आणि बोल्ट आत जात नसेल तर हातोडी उचलू नकोस. शाफ्ट पूर्ण आत बसलेला नाही, तो सरकव.

टाय रॉडच्या टोकाचा निमुळता भाग कोरडा, स्वच्छ ठेव, ग्रीस लावायचं नाही. कॅसल नट टॉर्क पान्यानं आवळून झाल्यावर भोक जुळलं नाही तर मागे सोडू नकोस, पुढच्या खाचेपर्यंत आवळ. स्प्लिट पिन दरवेळी नवी. नायलॉक नटही नवाच. त्यातलं नायलॉन एकदा कापलं गेलं की पहिल्यासारखं धरत नाही.

शेवटी नटावरून बोल्टावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढ. गाडी आठवड्यानं परत बोलाव, रॅम्पवर घे आणि बॅटरी मारून रेघ बघ. तुटलेली दिसली तर नट फिरलाय. गाडी खाली उतरवायची नाही.