आगबोटीपर्यंत नेणारी आगबोट

कोकणच्या बंदरांत पूर्वी मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी राही व उतारू पडावांतून तिच्याकडे जात. आयर्लंडातील क्वीन्सटाउन (आजचे कोव्ह) येथे हेच काम १८९१ साली बांधलेल्या ‘आयर्लंड’ व ‘अमेरिका’ या चाकांच्या आगबोटी करीत. दोन्ही कुशींवरील चाकांची फळ्याफळ्यांची पाती पाणी मागे लोटीत, हे वर्गात फिरकी करून दाखवावे. ११ एप्रिल १९१२ रोजी त्यांनी १२३ उतारू दूर नांगरलेल्या ‘टायटॅनिक’वर पोचविले. त्यांतील ११३ तिसऱ्या वर्गाचे. पोटासाठी देश सोडणारेच बहुतेक. मुलांना बुडालेली बोट ठाऊक असते, धक्क्यावरची ताटातूट नसते. परतीच्या खेपेत सात उतारू उतरले. भट्टीवरचा एक कामगारही लपून निसटला.