बिनकल्हईची कढी

हल्ली दहावीच्या प्रत्येक बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि त्यावर पन्नाशी ओलांडलेला कोणीतरी एक दिवस लिहितो, "चला बे, एकदा सारे जुने भेटू." मग नुसतं भेटणं पुरत नाही, थीम लागते. आमच्या 1989 च्या बॅचला गेल्या हिवाळ्यात ती सापडली : 'जुन्या काळची पंगत'. जागा नांदगाव खंडेश्वरच्या बाहेर, अमरावती-यवतमाळ रस्त्यावरून आत शिरलं की एका वर्गमित्राचं वावर आहे, तिथली. मी पाहुणा होतो, थोडाफार हातभार लावणाराही. नंतर धामणगाव, चांदूर रेल्वे, कारंजा इथल्या ओळखीच्यांचे फोन आले : "आम्हीबी करून राहिलो, काय काय लागते?" त्यांना तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं ते इथे एकत्र लिहितो.

आधी साल ठरवा. 'जुना काळ' म्हटलं की जो तो आपल्या डोक्यातलं सामान घेऊन येतो. आमच्याकडे बैलगाडी सजवली होती, कंदील टांगले होते, मागे 'रामायण' मालिकेचं पोस्टर होतं आणि बायांनी नऊवारीत यावं असा निरोप होता. एकीने ग्रुपवरच विचारलं, "आपण दहावीत नऊवारी नेसून येत होतो काय रे? मी तर निळा स्कर्ट घालून सायकलनं यायची." उत्तर कोणी दिलं नाही. आम्ही दहावीत असताना 'रामायण' संपलेलंही होतं. 2 ऑक्टोबर 1988 ला 'महाभारत' सुरू झालं आणि आमचा रविवार सकाळचा अभ्यास बुडाला तो त्याच्यापायी. एकाने गोल्ड स्पॉट म्हणून नारंगी रंगाचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. कोका-कोलाने 1993 मध्ये पारलेची पेयं घेतल्यावर गोल्ड स्पॉट बाजारातून गेलं, हे त्याला ठाऊक होतं. पण पाण्याला वेलचीचा वास काऊन येते, हे त्याला सांगता आलं नाही. साल ठरलं असतं तर निम्मं सामान घरीच राहिलं असतं. आजोबांचा काळ आणि आपला काळ एकाच मांडवात कोंबला की कोणाचाच खरा वाटत नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र वऱ्हाडात फार शोधाशोध करावी लागत नाही. पुण्या-मुंबईकडे ज्याला 'पारंपरिक थाळी' म्हणून पैसे मोजतात ते आमच्याकडे नवसाला, शेतातल्या देवाला आजही रांधतात. रोडगे हा त्यातला राजा. गहू जाडसर दळलेला हवा. चक्कीवाल्याला नीट सांगा, नाहीतर तो पोळीचं पीठ देतो. ओवा, मीठ, तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवायचं. मधे छोटा गोळा, त्यावर तूप लावलेली पारी, तिच्यावर आणखी एक, असे थर चढवत मुठीत मावेल न मावेल एवढा गोळा करायचा. गोवऱ्यांचा ढीग पेटवून ज्वाळा पूर्ण खाली बसू द्यायच्या. घाई करणारे इथेच फसतात : ज्वाळेवर टाकलेला रोडगा बाहेरून काळा आणि आत कच्चा निघतो. नुसता आर उरला की रोडगे त्यात पुरायचे, फिरवत राहायचं, तडकले की काढून जाड फडक्यात घोळून राख झाडायची. फोडल्यावर थर सुटे झाले पाहिजेत. मग तूप, वरण, वांग्याची भाजी. आमचे रोडगे उत्तम झाले, कारण ते आमच्या वर्गातल्या कोणी केलेच नव्हते. शेजारच्या वावरातले एक म्हातारे काका आरापाशी बसले होते आणि कोणाला हात लावू देत नव्हते. असा माणूस आधी गाठा.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. जेवण साडेसातला मांडा. आमचं दहाला मांडलं, आणि रोडगे-तूप ही काही शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रात्री दहाला खायची वस्तू नव्हे. आणि भाकरीची ज्वारी बाजारातून आणावी लागेल हे धरून चाला. आमच्या तालुक्यात आता जिकडेतिकडे सोयाबीन आणि तूर. रोही आणि रानडुकरं उभी ज्वारी सोडत नाहीत, म्हणून कोणी पेरत नाही.

आता कढी. यजमानाच्या घरी आजीचा पितळी गंज होता, बाहेरून चिंचेने घासून लख्ख केलेला. दुपारीच त्यात कढी करून झाकून ठेवली, रात्री गरम करून वाढायची म्हणून. पहिल्या पंगतीत एकाने द्रोण तोंडाला लावून खाली ठेवला. "कढी कशी लागून राहिली बे? पैसा चोखल्यावानी." बाकीच्यांनी त्याची टर उडवली आणि आणखी कढी मागितली. अर्ध्या तासाच्या आत चार-पाच जण बांधाकडे पळाले. वर्गातली एकजण नर्स आहे. तिने पंगत थांबवली, गंज उचलायला लावला आणि आत बॅटरी मारून दाखवलं : तळाला पिवळं पितळ उघडं पडलं होतं, कडेला हिरवट रेघ.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताक, चिंच, टमाटे, लिंबू असं काही आंबट त्यात तासन् तास राहिलं की धातू अन्नात उतरतो. मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होतात. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्या वर्षाकाठी कल्हई करून घेत. कल्हईवाला भात्याने आग फुलवायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा, धुराचा लोट उठायचा आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील आतून फिरवायचा. 232 अंशाला वितळणारा हा धातू पितळ आणि अन्न यांच्या मधे उभा राहतो. अन्नभेसळीच्या 1955 च्या नियमांतही नीट कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं अन्नासाठी अयोग्य ठरवलेलं होतं. आता कल्हईवाला गल्लीत येत नाही आणि पितळ शोकेसमध्ये गेलं. शोकेसमधलं भांडं थेट चुलीवर चढवायचं नाही. आतून ते पांढरं, चांदीसारखं दिसायला हवं; कुठेही पिवळं किंवा तांबूस दिसलं की कल्हई गेली. शहरात शोधाल तर अजून कल्हई करणारे सापडतात, फक्त शिसं न मिसळलेलं कथील वापरतो ना, हे विचारून घ्या. ते जमत नसेल तर स्टीलमध्ये रांधा आणि पितळेत फुलं ठेवा. कोणाला त्रास झालाच तर घशात बोटं घालून ओकायला लावू नका. घोट घोट साखर-मिठाचं पाणी द्या, आणि उलट्या थांबल्या नाहीत किंवा रक्त दिसलं तर ग्रामीण रुग्णालय गाठा. आमचे सारे मध्यरात्रीपर्यंत सावरले.

गॅसबत्तीचं थोडक्यात सांगतो. मातीतेल मिळालं नाही म्हणून एकजण गाडीतलं पेट्रोल काढायला निघाला होता. त्याला मी हात धरून बसवला. गॅसबत्तीत बल्ब लावा, फोटोत फरक कळत नाही.

हे सगळं सामानाचं झालं. माणसांचं जास्त अवघड असतं, आणि त्याबद्दल फोनवर कोणी विचारत नाही.

पंगत 'जुन्यासारखी' म्हणून ठरलं काय, तर आधी पुरुष बसणार, बाया वाढणार, त्या शेवटी जेवणार. हे ठरवणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याने लहानपणी तेच पाहिलं होतं. पण ज्यांना वाढायला उभं केलं त्यांत एक तहसील कार्यालयातली अधिकारी होती, एक मुख्याध्यापिका. त्या हसत हसत वाढत होत्या; त्यातल्या एकीचा नवरा घरी तेच करवून घेतो हे निम्म्या वर्गाला माहीत होतं.

मग माइक आला. ज्याच्या हातात माइक येतो त्याला वाटतं, आता प्रत्येकाने एकेक गोड आठवण सांगावी. 'लहानपणीची पंगत' असा विषय दिला. कोणी लग्नातल्या बुंदीचं सांगितलं, कोणी पळसाच्या पत्रावळीतून वरण वाहून गेल्याचं. नंतर नागपूरहून आलेल्या मित्राची पाळी आली. शाळेत तो कायम पहिल्या तिनात असायचा. तो म्हणाला, "गावात लग्न असलं की आमची पंगत सगळ्यांचं झाल्यावर गोठ्याकडे बसायची. ताटं आम्ही घरून आणत होतो. माय सांगायची, ताट धुऊनच परत आण, तिथं ठेवू नको." एवढंच बोलून त्याने माइक पुढच्याला दिला. आवाज चढवला नाही, कोणाकडे पाहिलंही नाही.

आमच्याच तालुक्यातलं पापळ हे पंजाबराव देशमुखांचं गाव. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात सगळ्यांना प्रवेश मिळावा म्हणून 1927 मध्ये सत्याग्रह उभा राहिला त्यात ते होते, आणि जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. आम्ही शाळेत त्यांच्या जयंतीला भाषणं ठोकली. साठ वर्षांनंतरही आमच्याच वर्गातला पोरगा गोठ्याकडे जेवत होता, आणि त्याच लग्नांत आम्ही बुंदी खात होतो.

तेव्हा कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे ना यार, मजेचा कार्यक्रम आहे." माझ्या मते त्या रात्रीची सगळ्यात वाईट गोष्ट हीच, कढी त्यापुढे काहीच नाही. यजमानाला काय करावं सुचेना, तो उठून आराकडे गेला आणि झालेले रोडगे पुन्हा फिरवू लागला. बोलली ती नर्सच. तिने नागपूरच्या मित्राला विचारलं, "तुझी माय आहे का रे अजून?" आणि तिथून गप्पा सुरू झाल्या त्या पहाटेपर्यंत चालल्या. दहावीनंतर कोणत्या पोरींची शाळा सुटली, कोणाच्या बापाने कापसाच्या चुकाऱ्यासाठी किती चकरा मारल्या, हे सगळं त्या रात्री पहिल्यांदा निघालं. माइक तोवर बंद पडला होता.

म्हणून सांगतो : आठवणी माइकवर गोळा करू नका. कार्यक्रमाआधी एकेकाला फोन करा, विशेषतः जे ग्रुपवर कधी बोलत नाहीत त्यांना, आणि विचारा की त्या काळातलं तुला काय हवं आहे, काय नको. पंगत सरमिसळ बसवा. वाढायला पुरुष उभे करा. सवय नसली तर वरण सांडेल, सांडू द्या. वर्गणी एकाच माणसाकडे गुपचूप द्यायची ठेवा, ग्रुपवर यादी टाकू नका. शेतीवर जगणाऱ्याचं एखादं वर्ष कसं गेलं हे तुम्हाला माहीत नसतं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तारीख धरू नका. आणि "तेव्हा सगळे किती प्रेमाने राहायचे" असा फलक करायचा कोणाला सुचलाच, तर छापायच्या आधी तो ज्यांनी वेगळं पाहिलं त्यांना दाखवा.

राहिली गाणी. टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढून तसाच आणला होता. आतला रबरी बेल्ट वर्षानुवर्षं पडून डांबर झाला होता. दुसऱ्याच गाण्याला त्याने कॅसेट गिळली. आधी वाजवून पाहावं, बेल्ट बदलावा, हे सांगायला नको.

यंदा पुन्हा जमायचं ठरतंय. नागपूरच्या मित्राला मी फोन केला तेव्हा तो लगेच हो म्हणाला नाही. "तुमच्या त्या कॅसेटमध्ये वामनदादा कर्डकांचं एकही गाणं नव्हतं," तो म्हणाला. "आमच्या वस्तीत तर तेव्हा रोज लागायचं. या वेळी गाणी मी आणतो. आणि वाढायलाही मीच उभा राहतो, पण यजमान माझ्यासोबत पाहिजे." मी यजमानाला निरोप दिला. तो म्हणाला, "हाव म्हणा त्याले. अन् टेपचा बेल्ट मी या हप्त्यातच बदलवून घेतो."