धूर आत घेत नाही, म्हणून काय झालं?

‘डॉक्टर, मी धूर आत घेत नाही. तोंडात फिरवतो आणि सोडून देतो.’

भाईंदरजवळच्या मोरव्यातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य हल्ली वारंवार कानावर येतं. बिडी ओढणारा असं कधी बोलत नाही. बोलणारे सगळे सिगारचा शौक लागलेले. कुणी जहाजावरच्या नोकरीत असताना ही सवय लावून घेतलेली, कुणी दुबईहून येताना ड्यूटी-फ्रीची पेटी आणलेली, कुणाला मित्राच्या हळदीच्या रात्री पहिल्यांदा हातात मिळालेला. मग सिगार ठेवायचा लाकडी डबा, म्हणजे ह्युमिडॉर, घरात येतो, त्यातली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांवर ठेवायची धडपड सुरू होते, आणि सिगार दोन-तीन वर्षं मुरत ठेवले जातात. या मंडळींना ‘तंबाखूचं व्यसन आहे का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘छे, व्यसन कसलं, छंद आहे.’ केसपेपरवर तंबाखूसमोर ‘नाही’ असं लिहून मोकळे होतात. तिथेच माझी आणि त्यांची पहिली वादावादी होते.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. मशेरी लावणारी तुमची आजी धूर आत घेत होती का? दाढेखाली तंबाखूची गोळी धरणारा माणूस धूर आत घेतो का? 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांपैकी 26.6 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. एकूण लोकांत धूर काढणारे फक्त 3.8 टक्के, तर बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4 टक्के; काही जण दोन्ही घेणारे. परळच्या टाटा रुग्णालयात तोंडाच्या कॅन्सरसाठी आपल्याकडून जे पेशंट जातात, त्यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात एक झुरका घेतलेला नसतो. तंबाखूला कॅन्सर करायला फुप्फुसच लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सिगारच्या बाबतीत तर तोंड हाच मुख्य रस्ता. सिगरेटची तंबाखू गरम हवेत झटपट वाळवलेली असते आणि तिचा धूर आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटीन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून सिगरेटवाल्याला झुरका खोल ओढावा लागतो. सिगारची पानं कित्येक आठवडे हवेवर वाळवतात, मग ढीग रचून आंबवतात. त्याचा धूर अल्कधर्मी होतो, आणि त्यातलं निकोटीन गाल, जीभ आणि टाळूच्या अस्तरातून सरळ रक्तात उतरतं. धूर गिळायची गरजच उरत नाही. शिवाय मोठ्या सिगारमध्ये 5 ते 20 ग्रॅम तंबाखू असते, तर सिगरेटमध्ये एक ग्रॅमसुद्धा नसते. म्हणजे तासभर चघळत ओढलेल्या एका सिगारमध्ये जवळजवळ एका पाकिटाचा ऐवज असू शकतो. धुरातली विषारी द्रव्यं थुंकीत विरघळतात आणि थुंकी तुम्ही गिळताच, त्यामुळे अन्ननलिकाही सुटत नाही. रोज सिगार ओढणाऱ्यांना तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होण्याचा धोका सिगरेट ओढणाऱ्यांच्या तोडीचा असतो. फुप्फुसाचा धोका धूर आत न घेणाऱ्याला सिगरेटवाल्यापेक्षा कमी असतो, हे मी मान्य करतो. पण तो न ओढणाऱ्यापेक्षा जास्तच असतो. आणि सिगरेट सोडून सिगारवर आलेला माणूस जुन्या सवयीने धूर आत ओढतोच, त्याला ते कळतही नाही.

दुसरा युक्तिवाद मुरवण्याचा. ‘डॉक्टर, ही शुद्ध पानाची तंबाखू आहे, केमिकल नाही, वर तीन वर्षं मुरलेली आहे.’ लोणचं मुरलं की कैरीचा आंबटपणा निवतो, तसा सिगार मुरला की त्यातला अमोनिया उडून जातो आणि धूर घशाला टोचेनासा होतो. निवतो तो फक्त हा टोचरेपणा. नायट्रोसमाइन नावाची कॅन्सरकारक द्रव्यं याच वाळवण्या-आंबवण्यात भरपूर तयार होतात आणि ह्युमिडॉरमध्ये ठेवून ती नाहीशी होत नाहीत. घसा आधी जी तक्रार करत होता ती बंद होते आणि हात दुसऱ्या सिगारकडे जातो. म्हणून मला मुरलेल्या सिगारची काळजी जास्त वाटते.

त्यात आपली हवा खाडीकाठची. राई, मुर्धा, मोरव्यात पावसाळ्यात भिंती घाम गाळतात, तिथे डब्यातली आर्द्रता चढून सिगारवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. ती पांढरी पूड ‘चांगल्या सिगारची खूण’ म्हणून ब्रशने झाडून तोच सिगार ओढणारे लोक मी पाहिले आहेत. ज्याला दमा आहे त्याने तर हा खेळ अजिबात करू नये.

एका पेशंटची हकीकत सांगतो, ओळख लपवून. जहाजावरून निवृत्त झालेले, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. संध्याकाळी गच्चीत एक सिगार आणि सोबत रम, एवढाच त्यांचा नेम. टाळूला खरखर लागते म्हणून आधी औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्स घेतलं. मग मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी खोबरेल तेल तोंडात धरून गुळण्या. मग दुकानदाराने दिलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं. त्याने दोन आठवडे बरं वाटलं आणि तिथेच त्यांचं नुकसान झालं, कारण बरं वाटतंय म्हटल्यावर दाखवायला कोण येतो? शेवटी माझ्याकडे आले ते ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून घ्यायला. मी तोंड उघडायला सांगितलं. टाळू पांढरट, त्यावर लाल ठिपके, जे पाइप आणि सिगार ओढणाऱ्यांत दिसतात. पण मऊ टाळूच्या कडेला वेगळाच एक लाल चट्टा होता. तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर झालेला नव्हता, पण पेशी बदलू लागल्या होत्या. चट्टा काढला, सिगार सुटला, आता दर तीन महिन्यांनी येऊन तोंड दाखवतात. अजून काही महिने तेल धरत बसले असते तर? हा विचार मनात आला की माझा त्या व्हिडिओवाल्यांवरचा राग काही केल्या जात नाही.

धुराने टाळूचं काय होतं ते आपल्या शेजारीच दिसून आलंय. गोव्यात काही बायका धुमटी, म्हणजे पानात गुंडाळलेली चिरुटासारखी तंबाखू, पेटतं टोक तोंडात धरून ओढत. आंध्रच्या किनाऱ्यावर तसाच उलटा चुट्टा ओढतात, आणि तिथे टाळूचा कॅन्सर नेहमीचा झाला. यात क्यूबाची पेटी आणि खेड्यातला चुट्टा असा भेद शरीर करत नाही. पेटी अस्सल की बनावट, हा वाद तुम्ही दुकानदाराशी घाला.

‘सिगार ओढूनही चर्चिल नव्वद वर्षं जगला’ असंही मला ऐकवतात. जगला. सिग्मंड फ्रॉइडला 1923 मध्ये टाळूचा आणि जबड्याचा कॅन्सर निघाला, तिसाहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, आणि 1939 मध्ये तो गेला. सिगार त्याला तरीही सुटला नाही. वाचलेल्या एकाचं नाव सगळ्यांना पाठ असतं.

आता नीट वाचा. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना अडकल्यासारखं होणं, मानेला न दुखणारी गाठ, एकाच कानात ठणका आणि कान तपासला तर चांगला, कारण नसताना हललेला दात, तीन बोटं उभी आत जाणार नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड. यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. माझ्याकडे या, दाताच्या डॉक्टरांकडे जा, भाईंदरच्या टेंभा रुग्णालयात जा, पण गूगलकडे जाऊ नका. सिगारसोबत दारू असेल तर कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो, म्हणून ती आमच्यापासून लपवू नका.

हळदीच्या रात्रीचं एक. पहिल्यांदाच सिगार ओढलेला मुलगा पांढरा पडतो, घामाघूम होतो, ओकतो. लोक म्हणतात नजर लागली. ते निकोटीन असतं, मोकळ्या हवेत बसवलं की बहुतेक जण तासाभरात सावरतात. पण चाळिशीपुढच्या माणसाला सिगारनंतर घाम सुटून छातीत दाटलं तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पाजत बसू नका. ताबडतोब ईसीजी काढा. आणि अ‍ॅश-ट्रेमधलं थोटूक लहान मुलाने चघळलं तर मिठाचं पाणी पाजून ओकवण्याचा उद्योग अजिबात नको, मूल उचला आणि थेट रुग्णालय गाठा.

पेटीवर कॅन्सरचं चित्र नाही म्हणून निर्धास्त राहू नका. परदेशातून सामानात आलेल्या पेटीवर आपल्याकडचा 85 टक्क्यांचा चित्रमय इशारा नसतो, एवढाच त्याचा अर्थ. 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्यात सिगार आणि चिरूट ही दोन्ही नावं आहेत.

वर्षातून दोनदा लग्नात ओढणाऱ्याने रात्रीची झोप उडवून घ्यावी असं मी म्हणत नाही. धोका किती ओढता आणि किती वर्षं ओढता यावर चढतो. मात्र महिन्याचा आठवड्याला झाला आणि आठवड्याचा रोजचा झाला, हे मी खूप जणांत पाहिलंय, आणि घरात भरलेला ह्युमिडॉर असला की ते फार लवकर होतं. सोडलंत तर धोका वर्षागणिक उतरत जातो, साठीतही. पेटी मित्राला भेट देऊ नका, टाकून द्या. सोडताना चिडचिड होईल, झोप बिघडेल, तेव्हा ‘हर्बल’ सिगारच्या नादी लागू नका, कारण जळणाऱ्या कुठल्याही पानातून टार आणि कार्बन मोनॉक्साइड निघतोच. निकोटीनचं च्युइंगगम किंवा गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्या. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन 1800-11-2356 ही आहे. आजच फोन करा, आणि पुढच्या वेळी केसपेपरवर तंबाखूसमोर खरं उत्तर लिहा.