घरगुती हरित ऊर्जा आणि रोहित्रावरील भार : माहुलचे उदाहरण

माहुलच्या शेजारी तुर्भे औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९५६ मध्ये सुरू झाला. देशातील पहिला ५०० मेगावॉटचा संचही १९८४ मध्ये येथेच उभा राहिला. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सान्निध्यातील या परिसराच्या हवेसंबंधी राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये निर्णय दिला. २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची विस्थापित कुटुंबे येथील सात मजली इमारतींतील २२५ चौरस फुटांच्या सदनिकांत आणली गेली. अशा ठिकाणी धूरविरहित ऊर्जेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. परंतु गच्चीवरील सौर पट्ट्या, विजेची शेगडी व विजेवरील दुचाकी ही साधने घरोघरी आल्यास गल्लीतील रोहित्र तो भार पेलील काय, याचे उत्तर आधी गणिताने काढावे लागते.

या गणिती प्रतिमानात प्रत्येक घराचा दिवसभराचा भारवक्र मांडतात, त्यांची बेरीज करून ती रोहित्राच्या क्षमतेशी ताडतात आणि वाहिनीच्या शेवटच्या घरी विद्युतदाब किती उरतो ते पाहतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात सहा टक्के चढउतार मान्य आहे. म्हणजे दाब सुमारे २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान राहिला पाहिजे.

बंगल्यांच्या वसाहतीत अडचण दुपारी येते. २०० केव्हीएच्या रोहित्रावर ६० घरे आणि प्रत्येकाच्या छपरावर ३ किलोवॉटचा संच असेल, तर भर दुपारी १८० किलोवॉट वीज निर्माण होते. घरांत त्या वेळी ३० किलोवॉटच खर्च होत असेल, तर उरलेली १५० किलोवॉट उलट दिशेने वाहते, दाब चढतो आणि मर्यादा ओलांडताच संच आपोआप बंद पडतात.

माहुलचे चित्र याच्या उलट आहे. समजा, एका इमारतीत दर मजल्यावर १२ याप्रमाणे ८४ सदनिका आहेत. मार्गिका व जिना धरून गच्ची सुमारे ३०० चौरस मीटर भरेल. टाक्या व सावलीची जागा वगळता निम्मी उपयोगी पडेल. एका किलोवॉटला १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे सारी क्षमता १५ किलोवॉट; सदनिकेमागे १८० वॉटही नाही. ही वीज इमारतीतील पंखे, शीतकपाटे व पाण्याचा पंप यांतच संपेल. उलट प्रवाहाची धास्ती येथे जवळजवळ नाही.

खरी कसोटी संध्याकाळची, सूर्य मावळल्यानंतरची. दीड किलोवॉटची शेगडी प्रत्येक घरी सात ते नऊ या वेळेत ४० मिनिटे चालली, तर सरासरी भार ४२ किलोवॉट दिसतो. पण पाळीवरून परतणारी माणसे एकाच सुमारास स्वयंपाकाला लागतात. निम्म्या शेगड्या एकदम पेटल्या की भार ६३ किलोवॉटवर जातो. त्यात १० दुचाकी विद्युतभारित होत असल्यास आणखी ७ किलोवॉट. सरासरीवर विसंबणारे प्रतिमान हा फरक झाकून टाकते. म्हणून कोणती शेगडी केव्हा लागेल याच्या शेकडो यदृच्छ शक्यता संगणकावर तपासाव्या लागतात. कॅलिफोर्नियाच्या वीजजाल संचालकांनी २०१३ मध्ये मांडलेला, बदकाच्या आकृतीसारखा भारवक्र हेच दाखवितो : दुपारी खोलगट पोट, संध्याकाळी उंच मान.

रोहित्र तासभराचा जादा भार सोसते, कारण त्यातील तेल सावकाश तापते. मे महिन्यात मात्र रात्रभर पंखे चालल्याने ते निवत नाही. ते जळाले तर उद्वाहन व पंप दोन्ही थांबतात आणि सातव्या मजल्यावरील वृद्धाला पाण्यासाठी जिने चढउतार करावे लागतात.

याच हिशेबात एक साधी गोष्ट, काहीशी अनपेक्षितपणे, वरचढ ठरते. ७५ वॉटच्या पंख्याऐवजी ३० वॉटचा पंखा, घरटी दोन याप्रमाणे बसविला, तर ८४ घरांत साडेसात किलोवॉट भार कमी होतो. ही बचत गच्चीवरील संचाच्या कमाल क्षमतेच्या निम्मीच. पण ती नेमकी संध्याकाळी व रात्रभर मिळते. दहा दुचाकींचा भार मध्यरात्रीनंतर ढकलला, तर आणखी तितकाच दिलासा लाभतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. उद्वाहन व पंपाचे दिवसाचे देयक त्यातून उतरू शकते. संध्याकाळच्या शेगड्यांसाठी मात्र विद्युतसंचायक किंवा मोठे रोहित्र यांचाच विचार करावा लागेल, आणि तो शेगड्या वाटण्यापूर्वी व्हावयास हवा.